माझ्या तोंडावरची चिकटपट्टी

मी एक जुना इन्व्हर्टर आहे. वय विचाराल तर सतरा वर्षे. आणि मित्रांनो, बाकी काहीही सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती सांगण्यासाठी मी महिनोन्‌महिने तडफडलो आहे. माझे काहीही बिघडलेले नव्हते. तरी सगळ्यांनी मलाच बोल लावला, माझ्याच पाठीत थपडा मारल्या आणि माझेच पोट उघडून पाहिले. का, ते आता ऐका.

तुम्ही मला पाहिले असेल आणि पाहून न पाहिल्यासारखे केले असेल. वीज गेल्यावर दोन पंखे आणि चार दिवे चालू ठेवणारा पत्र्याचा डबा म्हणजे मी. माझ्या शेजारी एक जड बॅटरी असते. वीज असताना मी तिचे पोट भरतो आणि वीज गेली की तिच्याकडून मागून घेतो. घेतलेली वीज तुमच्या दिव्यापंख्यांना चालेल अशी करून, दोनशे तीस व्होल्टचा दाब धरून मी बाहेर सोडतो. दाब कमी झाला तर दिवा मलूल होतो, जास्त झाला तर जळून जातो. म्हणून दाब सारखा ठेवायचा, एवढेच माझे काम. ते मी सतरा वर्षे मन लावून केले आहे.

माझा जन्म आठ टेबलांच्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटातला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तांब्याच्या तारेची जाडजूड गुंडाळी, एका बाईंनी हाताने गुंडाळला. सगळे त्यांना वाइंडिंगताई म्हणत. त्या वेढे तोंडाने मोजत आणि मध्ये कोणी बोलले तरी मोजणे सोडत नसत. "तीनशे बारा, काय हवंय? तीनशे तेरा, पक्कड तिकडे आहे, तीनशे चौदा, आता जा." असा त्यांचा कारभार चाले. शेवटचा वेढा झाला की त्या तारेच्या टोकाला हिरवा दोरा बांधत. तसा दोरा माझ्याही पोटात आहे.

त्यांची आणखी एक सवय होती आणि तिच्यावर कारखान्यातले लोक हसत. कोणतेही यंत्र तपासायला घेण्याआधी त्या हातातला विजेचा दाब मोजायचा मीटर आधी एका नव्या कोऱ्या सेलला लावून बघत. नवा सेल दीड व्होल्टचा असतो. मीटरवर दीड दिसले की मगच पुढे. "आधी हा खरं बोलतो का बघू, मग दुसऱ्याची चौकशी करू," असे त्या म्हणत. मला तेव्हा वाटले होते, काय ही किरकिर! आता वाटते, सगळ्या जगाने अशी किरकिर करायला हवी.

तिथून मी एका चष्म्याच्या दुकानात आलो. पुढे काचेचा दरवाजा, भिंतीवर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी, एक लांब बाक, आणि पडद्यामागे नजर तपासायची खोली. त्या खोलीत एका टोकाला खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांची पेटी. पेटीच्या आत बल्ब, बाहेर दुधी काचेची पाटी आणि तिच्यावर अक्षरांच्या सात ओळी, वरची ढब्बू आणि खालची मुंगीएवढी. मला बाकाशेजारच्या खालच्या फळीवर बसवले. तिथून मला पडद्याच्या फटीतून खोलीही दिसते आणि काचेतून रस्ताही.

दुकान चष्मेवाले काका आणि त्यांच्या काकूंचे. काका नजर तपासत, भिंगे ठरवत. काकू आतल्या यंत्रावर काचा घासून चौकटीत बसवत. दोघेही कामाला चोख. काकांची बोटे तर इतकी हलकी की चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू ते दोन बोटांनी फिरवत आणि नेमके जिथे थांबायचे तिथे थांबत. "जोर लावला की काच तडकते," हे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेल. लक्षात ठेवा हे वाक्य. माझ्या सगळ्या छळाचे मूळ त्यात आहे.

पहिली वर्षे फार सुखात गेली. वीज जाई आणि अक्षरांची पेटी मिणमिणतसुद्धा नसे. काका गिऱ्हाइकाला कौतुकाने विचारत, "वीज गेली, कळलं तरी का तुम्हाला?" गिऱ्हाईक म्हणे, "नाही बुवा." मी फळीवर बसून फुगत असे. कधी कधी काकू माझ्या डोक्यावरची धूळ पुसत. मला तेवढे पुरे होते.

मग एका वर्षी वीज रोज दुपारी बारा ते तीन जाऊ लागली. माझे काम वाढले, बॅटरीचे पाणीही लवकर आटू लागले. एके सकाळी काकांनी स्वतः पाणी भरायचे ठरवले. बाह्या सरसावून त्यांनी बॅटरीवरचे दोन्ही क्लॅम्प सोडवले, सगळे लख्ख पुसले, पाणी भरले आणि क्लॅम्प परत बसवले. बॅटरी आणि माझ्यामधल्या जाड तारा ज्यांनी बॅटरीला घट्ट धरलेल्या असतात, तेच हे क्लॅम्प. आणि मित्रांनो, काकांनी त्यांचे नट कसे आवळले सांगू? दोन बोटांनी. चष्म्याचा स्क्रू आवळतात तसे. अगदी हळुवार. मग मान मागे घेऊन त्यांनी आपल्या कामाकडे समाधानाने पाहिले.

मी आतल्या आत किंचाळलो. अहो काका, ही बॅटरी आहे! हिच्यातून मला घसाघसा वीज ओढावी लागते. क्लॅम्प सैल राहिला तर अर्धा दम तिथेच जातो, सांधा तापतो आणि माझ्यापर्यंत उरलेसुरले पोहोचते. पण मला बोलता कुठे येते? मी फक्त गुणगुणतो. काका "छान झालं" म्हणून हात धुवायला गेले.

दुसऱ्याच दुपारपासून सुरू झाले. काकूंनी काचा घासायचे यंत्र चालू केले की बॅटरीकडून येणारी वीज त्या सैल सांध्यात अडकायची आणि माझा दाब कोसळायचा. अक्षरांची पेटी एकदम मलूल व्हायची. यंत्र थांबले की थोडी उजळायची. पुन्हा यंत्र, पुन्हा मलूल. मला बॅटरी कमी वाटली की बझर वाजवून ओरडता येते. तेवढा एकच आवाज देवाने मला दिला आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पीं पीं पीं! "हा का बोंबलतोय?" म्हणत काकांनी माझ्या पाठीत एक थप्पड हाणली. ती पहिली.

मग वायरमनला बोलावले. त्याचे खरे नाव मला कधीच कळले नाही. कोणतेही काम सांगा, तो म्हणे, "झालंच समजा." म्हणून सगळे त्याला झालंच म्हणत. माणूस वाईट नाही. हाक मारली की येतो, काम टाळत नाही. पण त्याचा तो मीटर! मीटरच्या काचेवर एका कोपऱ्यात छोट्या बॅटरीचे चित्र लुकलुकत होते. त्याचा अर्थ असा की मीटरच्या पोटातला सेल मरायला टेकला आहे आणि आता त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. काकूंनी विचारलेदेखील, "हे काय लुकलुकतंय?"

"ते चित्र आहे, काकू. आधीपासून आहे. मॉडेलच तसं आहे."

मॉडेलच तसे आहे! मी कपाळावर हात मारला असता, पण मला कपाळही नाही आणि हातही नाही.

उतरलेल्या सेलमुळे तो मीटर प्रत्येक आकडा फुगवून सांगत होता. माझ्यापर्यंत बॅटरीचे जेमतेम अकरा व्होल्ट पोहोचत होते. मीटर म्हणाला, तेरा पॉइंट दोन. "बॅटरी एकदम ठणठणीत!" झालंच म्हणाला. मग त्याने मी बाहेर सोडत असलेला दाब मोजला. तेव्हा काकूंचे यंत्र बंद होते, म्हणून मी कसाबसा दोनशे पंचवीस धरून होतो. मीटर म्हणाला, दोनशे सत्तर.

"बापरे! हा तर दिवे उडवेल. कमी करतो."

"अहो, पण दिवा मंद होतो म्हणून तुम्हाला बोलावलं," काकू म्हणाल्या. "मग दाब जास्त कसा असेल?"

"काकू, माणूस खोटं बोलेल, मीटर नाही बोलणार."

आणि त्याने माझे पोट उघडून दाब ठरवणारा बारीक स्क्रू फिरवला, मीटरवर दोनशे तीस दिसेपर्यंत. म्हणजे खरोखरचे किती? एकशे नव्वदच्या आसपास! काही बिघडलेले नसताना माझा आवाज त्याने बळेच खाली उतरवला. मी पुन्हा ओरडायला लागलो, तेव्हा त्याने खिशातून काळी चिकटपट्टी काढली, तिचा एक तुकडा तोडला आणि माझ्या बझरवर दाबून बसवला. "झालंच समजा. आता त्रास नाही देणार."

मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणून रडावे आणि त्याच्या तोंडावर पट्टी लावून घरच्यांनी म्हणावे, आता बरा आहे. तसे झाले हे.

यानंतर दुपारी पेटी कायमच मंद, आणि काकूंचे यंत्र चालू झाले की आणखी मंद. विजेचा दाब थोडा उतरला तरी बल्बचा उजेड अर्ध्यावर येतो. पण तो रोज हळूहळू डोळ्यांना सवयीचा होतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नंबर चुकू लागले. बनवलेले चष्मे परत येऊ लागले. कोणाला जिना वाकडा दिसे, कोणाचे डोके दुखे. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, तक्रार घेऊन येतात ते सगळे दुपारीच तपासून गेलेले असतात. सकाळचं एकही माणूस येत नाही."

"दुपारी लोक जेवून सुस्तावलेले असतात," काका म्हणाले.

झाले! मी एवढा वेळ जे सांगायचा प्रयत्न करत होतो ते काकूंनी एका वाक्यात सांगितले आणि ते असे वाऱ्यावर गेले.

इथपर्यंतचे मी सहन केले असते. चष्मा पुन्हा करता येतो. पण मग बसकाका आले.

बसकाका शाळेची बस चालवतात. सकाळी मुलांना पोहोचवायचे आणि साडेतीनला परत न्यायचे. मधल्या वेळात त्यांची पिवळी बस दुकानासमोरच्या झाडाखाली उभी असते. मुलांनी आत सोडलेल्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या, एकेकटे मोजे ते पुढच्या काचेपाशी ओळीने मांडून ठेवतात, म्हणजे ज्याचे त्याला दिसावे. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीत कोणाला खरचटलेही नाही. त्यांना दर वर्षी नजरेचा दाखला शाळेत द्यावा लागतो. सातवी ओळ वाचता आली तरच दाखला. आणि त्यांना मोकळा वेळ असतो तो नेमका बारा ते तीन. आले ना लक्षात?

ते खुर्चीत बसले. आत काकूंचे यंत्र घरघरत होते आणि मी एकशे सत्तरवर धापा टाकत होतो.

"पाचवी झाली. सहावी वाचा," काका म्हणाले.

"ग... प... पुढचं 'भ' आहे का 'म'? साहेब, ही ओळ जरा पुसट झालीय का?"

"वीस वर्षं हीच पाटी आहे, दादा. सगळे हीच वाचतात."

काकांनी भिंगे बदलून बदलून पाहिली. काही फरक पडेना. पडणार कसा? डोळ्यांत दोषच नव्हता. काकांचा चेहरा गंभीर झाला. ते म्हणाले, "चष्म्यानंही सुधारत नाहीये. मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी दाखला नाही देऊ शकत. मुलं असतात तुमच्या गाडीत."

बसकाकांनी काही वाद घातला नाही. "बरोबर आहे तुमचं," एवढेच म्हणाले. "आठ दिवसांनी परत बघता का?" मग ते रस्ता ओलांडून गेले आणि बराच वेळ गाडीच्या पुढच्या काचा पुसत राहिले. काच स्वच्छ होती. मी पाहत होतो.

आठ दिवसांनी तेच झाले. मधल्या काळात काकांनी झालंचला पुन्हा बोलावले होते. त्याने दुकानात येणारी वीज मोजली, मीटर दोनशे शहात्तर म्हणाला, तर हा पठ्ठ्या म्हणतो कसा, "आज लाइनलाच जास्त दाब येतोय." मग माझा पंखा बदलला, आतली एक पट्टी बदलली, मला दोन थपडा मारल्या आणि निघताना म्हणाला, "काका, आता याचं वय झालं. भंगारात द्या." सगळे तपासले, मित्रांनो. मीटर सोडून आणि क्लॅम्प सोडून सगळे!

तिसऱ्यांदा बसकाका आले तो गुरुवार होता. शुक्रवारपर्यंत शाळेत दाखला दिला नाही तर सोमवारपासून गाडी दुसऱ्या माणसाच्या हाती जाणार होती. हे त्यांनीच बाकावर बसल्या बसल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना सांगितले. आवाज अगदी साधा होता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत आहेत. मग त्यांचे ओठ हळूच हलू लागले. मी कान दिला. "ग, प, भ, ल, ट... न, थ, ध, र, घ..." बाकावर बसून इतरांना पडद्यामागे वाचताना ऐकत त्यांनी सगळ्या ओळी पाठ केल्या होत्या! नको हो, बसकाका, मी मनात म्हणालो. तुमचे डोळे चांगले आहेत. पण माझ्या तोंडावर पट्टी. काचा घ्यायला बाहेर आलेल्या काकू मात्र क्षणभर थबकल्या. त्यांनीही ते ऐकले होते.

शेजारच्या बाई आपला नवा चष्मा हातात धरून बसल्या होत्या. त्याही दुपारच्या गिऱ्हाईक. "याच्यातून एक तार दिसत नाही मला, दोन दोन दिसतात," अशी त्यांची तक्रार होती. तेवढ्यात आत यंत्र सुरू झाले, पेटी मलूल झाली आणि माझी गुणगुण खाली घसरली. बाईंनी मान वळवली. त्या उठल्या आणि चक्क माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. पत्र्याच्या फटींतून त्यांनी मोबाईलचा उजेड आत टाकला.

"हिरवा दोरा," त्या म्हणाल्या. "अगं बाई! ही तर माझी गुंडाळी आहे."

मित्रांनो, मी लगेच ओळखले. केस पांढरे झाले होते, बोटे वाकली होती, पण वाइंडिंगताईच होत्या त्या.

त्यांनी सरळ पडदा बाजूला केला. "भाऊ, डोळे नंतर तपासा. आधी हा इन्व्हर्टर तपासू."

"तो तपासून झालाय," काका म्हणाले. "वायरमननं दोनदा बघितलं. त्याचा मीटरसुद्धा इथेच राहिलाय."

"द्या बघू तो मीटर. आणि एखादा नवा सेल आहे का इथे?"

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळासाठी आणून ठेवलेला नवा सेल दिला. ताईंनी मीटर त्याला लावला. मीटर म्हणाला, एक पॉइंट आठ.

"दीडचा सेल एक पॉइंट आठ कसा असेल?" काकू म्हणाल्या.

"सेल बरोबर आहे, वहिनी. मीटरच थापा मारतोय. हे लुकलुकतंय ते दिसलं नाही का कोणाला?"

मला त्या वेळी आनंदाने नाचावेसे वाटले. शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून काकूंनी मीटरसाठी नवा सेल आणला. ते चित्र विझले. आता मीटर घड्याळाच्या सेलला दीड म्हणाला, अगदी मुकाट्याने. मग ताईंनी पायरी पायरीने शोध घेतला. आधी बॅटरीच्या खुंटांवर मोजले, बारा पॉइंट चार. मग माझ्या पाठीमागे, जिथे त्याच तारा मला जोडल्या आहेत तिथे मोजले, अकरा. "मधल्या मध्ये जवळजवळ दीड व्होल्ट कोणी खाल्ले?" असे म्हणून त्यांनी क्लॅम्पजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "तापलाय! कोणी आवळला होता हा?"

"मी," काका म्हणाले. "नीट आवळला होता की."

ताईंनी काकांच्या हातांकडे पाहिले, मग भिंतीवरच्या चौकटींकडे पाहिले, आणि त्यांना हसू फुटले. "भाऊ, हा चष्मा नाही. काच तडकणार नाही याची. पाना आणा."

त्यांनी आधी मला बंद केले, हातातले घड्याळ काढून ठेवले आणि सांधा थंड होऊ दिला. मित्रांनो, हे काम जाणत्या माणसाचे आहे, तुम्ही बॅटरीला हात लावायचा नाही. तापून काळा पडलेला क्लॅम्प त्यांनी घासून साफ केला आणि पाना काकांच्या हातात दिला. "आता जोर लावा. अजून. अजून थोडा. हां." तोवर आत काकू अक्षरांची पेटी उघडून काहीतरी पुसत, सरकवत होत्या.

मला पुन्हा चालू केले. काय सांगू! कित्येक महिन्यांनी पोटभर जेवल्यासारखे वाटले. यंत्र चालू केले तरी दाब हलला नाही. तो अजून एकशे नव्वदवरच होता, म्हणून ताईंनी पेचकसाने माझा स्क्रू हळूहळू उलटा फिरवला. दोनशे, दोनशे पंधरा, दोनशे तीस. पडद्यामागे पेटी लखकन उजळली. काका तिच्याकडे बघतच राहिले. "इतकी पांढरी होती ही?" ते पुटपुटले. मग त्यांचा चेहरा उतरला. दुपारी तपासलेली एकेक माणसे त्यांना आठवत असावीत.

"दादा, या," ते बसकाकांना म्हणाले. "सातवी ओळ वाचा."

बसकाका खुर्चीत ताठ बसले आणि एका दमात म्हणाले, "न, थ, ध, र, घ."

काकूंनी पेटीवरची पाटी बदलली होती. दुसरी पाटी कित्येक वर्षे पेटीतच मागे पडून होती, तिच्यावर वेगळी अक्षरे होती. काकांनी पाटीकडे पाहिले, मग काकूंकडे आणि मग आपला चष्मा काढून हातात घेतला.

बसकाकांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी मान खाली घातली. "चुकलो, साहेब. पाठ केलं होतं. पोरांना घेऊन फिरतो मी आणि फसवून दाखला घ्यायला निघालो होतो. गाडी दुसऱ्याला द्या म्हणून मीच सांगतो शाळेत." ते उठू लागले.

"बसा," वाइंडिंगताई दारातून म्हणाल्या. "दिवा आत्ता कुठे लागलाय. एकदा बघून तर सांगा."

"नाही दिसलं तर?"

"तर तसं सांगा. पाठ म्हणू नका, बघा."

बसकाका पुन्हा बसले. त्यांनी मान वर केली. यंत्र बंद होते, पण मी सांगतो, चालू असते तरी मी एक व्होल्टही सोडला नसता. सतरा वर्षांत मी इतका दम धरून काम केले नव्हते.

"द," ते म्हणाले. मग थांबले. "ख... फ... ज... ह." आवाज बदलत गेला. "ही सातवी ना? आणि साहेब, हिच्या खाली अजून एक ओळ आहे, बारीक. वाचू?"

"खाली ओळ नाहीये," काका म्हणाले.

"आहे की. 'ही पाटी ओल्या फडक्याने पुसू नये.'"

काका उठून पेटीपाशी गेले, चष्मा लावला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले. ओळ होती. वीस वर्षांत ती कोणी वाचली नव्हती. काकूंनी हातातले ओले फडके हळूच पाठीमागे लपवले. बसकाका आधी हसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि त्यांचे खांदे हलत राहिले. कोणी त्यांना थांबवले नाही.

दाखल्यावर सही झाली. काकांनी दुपारी तपासलेल्या सगळ्यांना फोन करून बोलावले, पहिला नंबर ताईंचा लावला. झालंचला त्याचा मीटर परत दिला तेव्हा तो काचेकडे बघून हळहळला, "अरे, चित्र गेलं की याचं!" मी आता याच्यावर काही बोलणार नाही.

मित्रांनो, माझे ऐकाल? कोणाला दिसत नाही, कोणाला जमत नाही, कोणाचे वय झाले, असे म्हणण्याआधी तुम्ही त्याला कोणत्या उजेडात बसवले आहे ते बघा. ज्या मापाने मोजता तेही एकदा मोजून घ्या. आमच्यासारख्या यंत्रांचे सांधे घट्ट ठेवा, धूळ पुसा आणि आम्ही ओरडलो तर थप्पड मारण्याआधी आम्ही का ओरडतो ते विचारा. एवढे केलेत तर आम्ही आणखी सतरा वर्षे तुमची सेवा करू.

आता रोज साडेतीनला ती पिवळी बस झाडाखालून निघते. दुकानासमोर आली की बसकाका एकदाच हॉर्न वाजवतात. काका आतून हात हलवतात, काकूही हलवतात. मलाही फार वाटते की एकदा पीं करून उत्तर द्यावे. पण त्या दिवशीच्या गडबडीत एक गोष्ट राहून गेली, ती अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही. तुमच्यापैकी कोणी कधी त्या दुकानात गेलात तर बाकाशेजारच्या खालच्या फळीवर मी आहे. माझ्या तोंडावरची ती पट्टी तेवढी काढायला सांगा.